पेटंट एक्झामिनरची भरती आणि बाबांचा फॉर्म 16

पेटंट एक्झामिनर, म्हणजे पेटंटचे अर्ज तपासणारा सरकारी अधिकारी. त्याच्या परीक्षेचा अभ्यास कसा केला, असं बरीच मुलं विचारतात. अभ्यासाचं सांगतोच, पण आधी ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखल्याचं ऐका. तो विषय निघाला की अजून डोकं फिरतं.

भरती केंद्राची, त्यामुळे दाखलाही केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. सोलापुरातल्या एका कार्यालयात अर्ज दिला. बाबा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. टेबलावरच्या साहेबांनी फॉर्म 16, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, त्यावरच्या पगाराला लाल पेनानं गोल केला आणि फाइल परत सरकवली. ‘आठ लाखांच्या वर जातंय. बसत नाही ओ तुमचं.’

अहो, 8 सप्टेंबर 1993 चं केंद्राचं परिपत्रक काय म्हणतं? आई-वडिलांचं पद कुठल्या वर्गातलं ते बघा. उत्पन्नाच्या मर्यादेत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचंच नाही. बाबा गट क मध्ये, म्हणजे त्यांच्या पदामुळे मी क्रीमी लेयरमध्ये जात नाही. हे सांगितलं तर ‘वरून लेखी आणा’. वर गेलो तर ‘खालून टिपणी येऊ द्या’. इकडे अर्जाची मुदत संपत आलेली. 2023 मध्ये 553 जागा निघाल्या होत्या, पण अशी भरती दरवर्षी निघत नाही आणि वयाची अट 35. एक दाखला अडला की वर्षं हातची जातात, हे त्या टेबलाला कोण सांगणार?

शेवटी परिपत्रकातला तो परिच्छेद अधोरेखित केला, मुख्याध्यापकांकडून ‘गट क’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र आणलं, सगळं आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घेतली. मग फाइल हलली. तोंडी वाद घालू नका, पोच घ्या.

अभ्यासाला पेटंट कायदा, 1970 मूळ वाचा. कलम 3, म्हणजे काय शोध ठरत नाही, ते पाठ हवं. मी टेक्स्टाइलचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होतो. लूमवर घालवलेली वर्षं विषयाच्या पेपरला कामी आली.

आता एक्झामिनर आहे. अर्जातला शोध खरंच नवा आहे का, ते तपासून अहवाल मी देतो, निर्णय कंट्रोलरचा. असिस्टंट, डेप्युटी, जॉइंट कंट्रोलर असा पुढचा रस्ता आहे आणि निर्णयाची ती सही मला करायची आहे.

राहिलंच, फॉर्म 16 सलग तीन वर्षांचे काढून ठेवा. आणि पोस्टिंग मुंबईच मिळेल असं धरू नका. कार्यालयं कोलकाता, दिल्ली, चेन्नईलाही आहेत, घरी आधीच बोलून घ्या.