लोझानचा चढ आणि वाटेत गायब झालेले पंचवीस युरो

आधीच सांगतो, ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावरून माझा विश्वास उडाला होता. काही वर्षांपूर्वी एका भारदस्त नावाच्या संस्थेनं पेपर मागवला, भरपूर फी घेतली, आणि आंतरराष्ट्रीय म्हणून जे काही दिलं ते म्हणजे पडद्यावर अर्धा तास दिसलेले एक परदेशी गृहस्थ. त्यांचाही आवाज तुटत होता. त्यामुळे सेफीच्या परिषदेला पेपर निवडला गेला तेव्हा मी आनंदाआधी संशयानंच ती मेल वाचली. सेफी ही अभियांत्रिकी शिक्षणाची युरोपीय संस्था, १९७३ सालची. अमेरिकेतली तशीच संस्था एएसईई १८९३ची, म्हणजे तिच्यापुढे ही लहानच. २०२४ची परिषद २ ते ५ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात, ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात होती.

संस्था खरी निघाली. घोळ घातला तो बँकेनं.

मे महिन्यात फी वायर ट्रान्सफरनं पाठवली. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, सह्या, सगळं रीतसर. फॉर्मवर शुल्क कोण भरणार असा एक रकाना असतो. काउंटरवरच्या माणसानं त्यात न विचारता ‘दोघांत वाटून’ अशी खूण केली. वाटेतल्या कुठल्यातरी बँकेनं पंचवीस युरो कापून घेतले. तिकडे रक्कम कमी पोचली, नोंदणी अर्धवट राहिली. आमंत्रणपत्र अडलं, पत्राविना व्हिसा अडला. उरलेले पंचवीस युरो पाठवायला पुन्हा बँकेचं शुल्क! या भानगडीत ११ जून उलटला आणि शेंगेन व्हिसाची (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसाची) फी ८०वरून ९० युरो झाली. मला हे अजून पचलेलं नाही. त्या रकान्यात ‘सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून’ हेच निवडा. कार्डानं भरता येत असेल तर बँकेची पायरीच चढू नका. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

दुसरी फसवणूक नकाशाची. खोली घेतली होती कॅथेड्रलजवळ, फ्लों स्टेशनपासून काही मिनिटांच्या अंतरावर. लोझान उतारावर वसलेलं आहे, हे नकाशा सांगत नाही. रात्री अकराच्या सुमाराला तेवीस किलोची बॅग घेऊन मी पालू चौकातून वर जाणाऱ्या जुन्या लाकडी छपराच्या जिन्याशी उभा. रोज टेकडी चढणारा माणूस मी, पण बॅगेला सवय नव्हती. अर्ध्यावर टेकलो तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं. या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून रात्री दहा ते दोन पहारेकरी दर तासाला हाळी देतो. ही प्रथा १४०५पासूनची. तेव्हा मात्र वाटलं, मलाच हसतोय. तुम्ही एम-टू मेट्रोनं थेट बेसिएर स्टॉपला उतरा. शहरात मुक्काम करणाऱ्यांना फुकट प्रवासाचं कार्ड मिळतं, ते खोलीवाल्याकडे आधीच मागा. मी एक दिवस तिकिटं काढत बसलो.

एम-वन मेट्रोनं ईपीएफएलला जाणं सोपं. तळ्यावरची बोट छान होती. बस.

परिषदेत पहिले दोन दिवस मी वाया घालवले. आपल्या सवयीनं या खोलीतून त्या खोलीत पेपर ऐकत फिरलो. माझ्या सादरीकरणाला चौदा माणसं, प्रश्न दोन. एवढ्यासाठी जाऊ नका; सेफीचे पेपर नंतर घरबसल्या वाचता येतात. खरं काम होतं ते विशेष गटांच्या बैठकांत: नीतिशास्त्र, गणित, असे गट आहेत. गोल टेबल, आठ-दहा जण, आणि प्रत्येकाकडे फसलेल्या प्रयोगाची गोष्ट. तिथे एका डच बाईंनी मला विचारलं की सीओ-पीओच्या, म्हणजे विषयातून आणि पदवीतून मुलांना काय यायला हवं याच्या, तक्त्यात लक्ष्य गाठलं नाही असं दिसलं, तर पुढच्या वर्षी तुम्ही शिकवण्यात काय बदलता? १३ जून २०१४ला भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून मी ते तक्ते भरतोय. उत्तर सुचेना. रात्री जिना चढताना तोच प्रश्न डोक्यात होता. त्या दिवशी चढ कमी वाटला हेही खरं.

अशा संस्थेकडून प्रवासखर्चाची आशा ठेवू नका. ती टेबल मांडून देते, पुढचं आपण बघायचं. म्हणून निघण्याआधी गटाच्या संयोजकांना मेल करा, दोन पानांत आपला विषय लिहून न्या. आणि पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर आधी जवळचं बघा. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आययूसीईई या जाळ्याचं, आयजीआयपी या अभियांत्रिकी अध्यापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबरचं शिक्षक-प्रमाणपत्र इथे राहून करता येतं, आणि अभियांत्रिकी शिक्षणावरचं ‘जीट’ हे नियतकालिक आपल्या सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधूनच निघतं. प्रमोशनसाठी शिक्का हवा असेल तर लोझानला मुळीच जाऊ नका.

त्या बाईंबरोबर सहा आठवड्यांचा एक प्रकल्प सुरू झाला: त्यांची मुलं, आमची मुलं, काम एकच. वेळ ठरली त्यांच्याकडे दुपारी साडेतीन, आपल्याकडे संध्याकाळी सात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सातची मीटिंग आठवर गेली, आणि आमच्या हॉस्टेलची मेस साडेआठला बंद होते. त्या आठवड्यात मुलांना वडापाव मी आणून दिले.