अगं बोला, डिफेन्सला गप्प उभ्या राहू नका!

बास्केटबॉलमध्ये शूटिंग, ड्रिबलिंग, ले-अप सगळं शिकवतात, पण डिफेन्सला उभं राहिल्यावर तोंडाने काय बोलायचं हे बऱ्याच ठिकाणी कोणी शिकवतच नाही. लोकल मॅचेसमध्ये कितीतरी सोप्या बास्केट ह्याच कारणाने बसतात हे माझं ठाम मत आहे.

पिक अँड रोलचंच घ्या ना. तुम्ही बॉलवालीला मार्क करताय, सगळं लक्ष तिच्या कमरेवर, आणि मागून त्यांची सेंटर येऊन तुमच्या बाजूला स्क्रीन लावते, म्हणजे तुमची वाट अडवून उभी राहते. ती तुम्हाला दिसणं शक्यच नाही, दिसते ती तिला मार्क करणाऱ्या तुमच्याच टीममेटला, आणि तिने वेळेत "स्क्रीन लेफ्ट!" म्हटलं तर तुम्ही खांदा काढून वरून निघून जाता, नाही म्हटलं तर धाडकन आपटता आणि बॉलवाली मोकळी रिंगकडे. दोघींची तोंडं बॉलकडेच असतात त्यामुळे तिचं डावं तेच तुमचं डावं, गोंधळाचा प्रश्न नाही. फक्त नुसतं "स्क्रीन स्क्रीन" करून भागत नाही, बाजू सांगायची आणि लगेच पुढचं पण, "स्विच" (मार्किंगची अदलाबदल) की "स्टे" (आपापलीलाच धरा), आणि हे सगळं धडक बसायच्या आधी.

आपल्या खो-खोत खो मोठ्याने म्हणावाच लागतो, नियमच आहे. बास्केटबॉलमध्ये तशी सक्ती नाही म्हणून सगळे गप्प.

डिफेन्सला सतत बोलणारा केविन गार्नेट 2007 ला अमेरिकेतल्या NBA लीगच्या बॉस्टन सेल्टिक्स टीममध्ये आला. आधीच्या सीझनला 24 जिंकून 58 हरलेली टीम, पुढच्याच सीझनला 66-16, आणि 2008 ची चॅम्पियनशिप. त्याच वर्षी रे ॲलन पण आला होता, डिफेन्सचं डोकं असिस्टंट कोच टॉम थिबोडोचं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ओरडण्याला देणं बरोबर नाही. तरी त्या मॅचेस यूट्यूबवर लावा आणि बॉल सोडून फक्त गार्नेटकडे बघा, हात आणि तोंड दोन्ही सतत चालू, मागे उभं राहून कोणी कुठे सरकायचं ते सांगतोय. मागच्या प्लेयरला सगळं कोर्ट दिसतं, म्हणून बोलायची जबाबदारी त्याची सगळ्यात जास्त.

दुसरी क्लिप मी माझ्या टीमच्या मुलींना दाखवते ती 2018 च्या NBA फायनल्सची, पहिली मॅच, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट. 107-107, शेवटचे 4.7 सेकंद, क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो हुकला, रिबाउंड (परत आलेला बॉल) त्याच्याच टीमच्या जे. आर. स्मिथकडे, अगदी रिंगजवळ, आणि तो शॉट न मारता, जणू आपली टीम पुढेच आहे असा, बॉल घेऊन बाहेर पळाला. टाइमआउट शिल्लक होता, तोही घेतला नाही. ओव्हरटाइममध्ये क्लीव्हलँड 124-114 ने हरले, त्यांच्या लेब्रॉन जेम्सचे 51 पॉइंट वाया. लोक एकट्या स्मिथला बोलतात. मी सांगते की फ्री थ्रोला खेळ थांबलेला असतो, तेव्हाच स्कोर किती, वेळ किती, टाइमआउट आहे का हे प्रत्येकीला मोठ्याने सांगून टाका, तिला माहीत असेलच असं धरू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण. मुलींना लहानपणापासून "हळू बोल" हेच ऐकायची सवय, त्यात ज्युनियर सेंटरने सीनियर ताईला हुकूम कसा द्यायचा हा संकोच वेगळाच, ती बिचारी "ताई, अगं ताई" म्हणेपर्यंत बॉल आत गेलेला असतो! म्हणून माझ्याकडे कोर्टवर ताई नाही, नाव किंवा जर्सी नंबर, आणि शेल ड्रिलमध्ये (चौघींविरुद्ध चौघींचा डिफेन्सचा सराव) चौघींनी सतत बोलायचं, "बॉल" (बॉलवाली माझी), "डिनाय" (पास अडवतेय), "हेल्प" (मदतीला आहे), एक जरी गप्प राहिली तरी चौघी परत डिफेन्सलाच. पहिले काही दिवस लाजतात, मान खाली घालून पुटपुटतात. मग एक दिवस सगळ्यात लहान पोरगी मागून खणखणीत "हेल्प लेफ्ट!" म्हणते आणि कॅप्टन न वळता तिकडे सरकते, त्या क्षणी मला जो आनंद होतो तो मॅच जिंकल्यावर पण होत नाही.

कोणाच्या घरून तक्रार आली की पोरगी फार ओरडायला लागलीये, तर त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा, मी बोलते त्यांच्याशी.