नोंद 14 : तारा पुन्हा पहिल्या पानावर

माझ्या 'नोंदघर' या कुमार कादंबरीच्या ज्या दुसऱ्या खर्ड्याला मागच्या वेळी मी 'जवळजवळ झालाच' म्हणून मिरवलं होतं, तो सातव्या प्रकरणापासून मोडीत निघालाय. निमित्त माझी पंधरा वर्षांची भाची. तिने अख्खं 'नोंदघर' तीन दिवसांत वाचलं (याचा आनंद मी आधी पोटभर साजरा करून घेतला) आणि म्हणाली, "आत्या, तारा भारी आहे गं. पण ती पहिल्या पानावरच एवढी शहाणी आहे, मग पुढे शिकते काय?"

दोन दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर रुसून होते. तिसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण उघडलं. माझी नायिका तारा नोंदघरात बसून राजवटीसाठी घरच्यांच्या दिवसभराच्या हालचाली लिहितेय आणि मनात म्हणतेय, हे सगळं चूक आहे. जन्मापासून याच शहरात राहिलेली, दुसरं काही न पाहिलेली मुलगी, आणि तिला हे कळलं कुठून? माझ्याकडून. माझी मतं तिच्या डोक्यात कोंबून मी तिला बंडखोर म्हणत होते.

गेले सहा आठवडे मी याच खड्ड्यात आहे. आधी तिला भित्री करून पाहिलं : सगळं कळतं, पण बोलत नाही. मग तिच्या प्रवासात धीर गोळा करण्यापलीकडे काही उरेना. नंतर भाबडी केली, तर वाचक तिच्या चार पावलं पुढे. भाचीचा शेरा : "इतकी कशी गं बावळट?" शेवटी ती प्रसिद्ध पात्र-प्रश्नावली भरली, शंभर प्रश्नांची. ताराचा आवडता रंग निळा आहे, तिला उंचीची भीती वाटते आणि ती डावखुरी आहे. एवढं कळूनही सातवं प्रकरण जागचं हललं नाही. या प्रश्नावल्यांवरचा माझा विश्वास आता पार उडालाय. कुमार डिस्टोपिया, म्हणजे दडपशाहीच्या काल्पनिक जगातली कुमारांसाठीची गोष्ट, लिहिणाऱ्याला लागणारा एक प्रश्न त्या शंभरात नव्हता : या राजवटीनं हिचं भलं काय केलंय?

तो प्रश्न मला सुचला पार्सन्समुळे. जॉर्ज ऑरवेलच्या 1949 च्या '1984' या कादंबरीत नायक विन्स्टनच्या या शेजाऱ्याला त्याची सात वर्षांची मुलगी पकडून देते आणि कोठडीत बसून हा बाप तिचं कौतुक करतो. ते पान मी कितीदा वाचलं असेल, पण कायम बापाच्या बाजूनं. त्या मुलीला त्या रात्री झोप कशी लागली असेल? मला वाटतं, छान लागली असेल. मग पावलिक मोरोझोवबद्दल पुन्हा वाचलं. 1932 मध्ये उरल भागातल्या एका खेड्यात मारला गेलेला मुलगा. त्यानं वडिलांविरुद्ध साक्ष दिली, ही गोष्ट सोव्हिएत राजवटीनं आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली, पुतळे उभारले. त्या गोष्टीतलं खरं किती, यावर इतिहासकारांना दाट शंका आहे. माझ्या कामाचं एवढंच, की ती ऐकणाऱ्या मुलांना आपण वाईट काही करतोय असं वाटत नव्हतं.

आणि मग ओमचा ताप सुचला! तारा आठ वर्षांची असताना धाकट्या ओमला ताप येतो. आजारी मुलांना घेऊन जातात म्हणून बाबा तो लपवतात. तारा नोंद करते. सकाळी डॉक्टर दारात, ओम वाचतो. म्हणजे तिच्या विश्वासाला पुरावा आहे, तोही घरात हिंडणारा-फिरणारा. आता सातव्या प्रकरणात ती बाबांच्या लपवलेल्या रेडिओची नोंद करते, तेव्हा ती दुष्ट नसते, भित्री नसते आणि बावळट तर नसतेच. ती पुन्हा एकदा घर वाचवत असते. हे सुचलं त्या रात्री मी खरोखर टाळी वाजवली, एकटीच.

अडचण एवढीच, की राजवटीनं ओमला खरंच वाचवलंय. मग अकराव्या प्रकरणात तारा तिच्यावर उलटणार कशी? डॉक्टरला खोटं ठरवायचं नाही, ती पळवाट झाली. बघू.

भाषेचीही एक गंमत जमलीय. 'द हंगर गेम्स' (2008) ही कुमार कादंबरी प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहे म्हणून मीही तसं लिहायला गेले होते. मराठीत 'मी दार उघडते, मी बघते' हे नाटकातल्या कंसातल्या सूचनांसारखं वाटतं, म्हणून तो नाद नोंद 9 मध्येच सोडला. आता पहिली सहा प्रकरणं तारा नोंदीच्या भाषेत सांगते : 'असे निदर्शनास आले', 'त्याने सांगितले'. आठव्यापासून तीच 'सांगितलं', 'पाहिलं' म्हणू लागते. वाचकाला कारण कळायची गरज नाही, कानाला कळेल.

हे पटकन उरकावं म्हणून आठव्यापासून पुढे सरसकट 'ले'च्या जागी 'लं' करून टाकलं. 'मी उठलं, मी धावलं, शिपाई आलं.' एका क्लिकमध्ये अख्खं शहर नपुंसकलिंगी! स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी स्नॅपशॉट (मजकुराच्या जुन्या प्रती) घेऊन ठेवले होते म्हणून निभावलं. त्या एका सोयीसाठी मी त्याचे बाकीचे नखरे सहन करते. आता एकेक 'ले' हातानं तपासतेय, रोज चार पानं.

देखरेख करणाऱ्या बायकांना मुलांनी 'मावशी' म्हणायचं, हा राजवटीचा नियम मात्र तसाच ठेवलाय. माय मरो, मावशी जगो. म्हण कुठेही उच्चारलेली नाही, भाचीला आपसूक आठवली. तारा मावशीला आधी 'आपण' म्हणते, मग 'तुम्ही', आणि शेवटी एकदाच 'तू'. ते 'तू' कुठे टाकायचं, त्याची जागा मी तीनदा बदललीय.

थांबा, हे लिहिता लिहिताच एक सुचतंय. नोंदीत वडिलांना 'सदर इसम' लिहायचं असतं. सातव्या प्रकरणात निवेदन हवंच कशाला? नुसती ताराची त्या रात्रीची नोंद छापायची, वेळेसकट, शिक्क्यासकट. आणि त्यात एकाच ठिकाणी 'बाबा' लिहून खोडलेलं, वर 'सदर इसम'.

म्हणजे 3,200 शब्दांचं प्रकरण दीड पानावर येणार, आणि रेडिओ सापडतो तो प्रसंग, ज्यावर मी दोन महिने घालवले, तो जाणार. आज रात्री दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघते. भाचीची परीक्षा संपायला अजून नऊ दिवस आहेत.