खारघरचा बेस, घणसोलीचा अँप आणि मेगाब्लॉकचा रविवार

जुना बेस गिटार किंवा त्याचा अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) घ्यायला दसरा ते तुळशीचं लग्न हा महिना सगळ्यात चांगला, असं माझं पक्कं मत आहे. नवरात्रीचे पैसे वाजवणाऱ्यांच्या हातात आलेले असतात, त्यातून कुणी नवीन सामान घेतलेलं असतं आणि जुनं घरात पाय ठेचकाळायला पडलेलं असतं. तुळशीचं लग्न लागलं की ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हळदी सुरू होतात. मग तोच माणूस म्हणतो, "थांब रे, सीझन जाऊ दे." म्हणून मधला एक रविवार धरून मी ठाण्याहून निघालो. खारघरला बेस बघायचा होता आणि घणसोलीला अँप.

पिशवीत एलन कीचे (षटकोनी चाव्यांचे) दोन संच होते, एक मिलिमीटरचा आणि एक इंची. शिवाय स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, टॉर्च, एक पेन्सिल सेल, हेडफोनवर ऐकायचा खिशातला अँप, दोन-चार व्हिजिटिंग कार्डं आणि माझी स्वतःची गिटारची वायर. वायर स्वतःचीच न्या. विकणाऱ्याच्या वायरीतून खरखर आली की ती वायरीची की बेसची, यावरच अर्धा तास जातो.

ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या गाड्या नऊ आणि दहा नंबरवरून सुटतात. पनवेलची थेट मिळाली तर खारघर पाऊण-एक तासावर. वाशीची पकडलीत तर तुर्भ्याला उतरून बदलायची. मी साडेआठच्या सुमाराला चढलो, खिडकी मिळाली, सगळं छान चाललं होतं. मेगाब्लॉक कुठे आहे हे मात्र आदल्या रात्री बघितलं नव्हतं. तुम्ही बघा.

खारघरला मुलगा उत्सव चौकाजवळ राहणारा. आयटीत आहे, कंपनी बंगळुरूला पाठवतेय. "दादा, जास्त वाजवलाच नाहीये," हे त्याचं पहिलं वाक्य. ते खरंही असावं, पण न वाजवलेला बेस म्हणजे चांगला बेस नव्हे. हा तीन पावसाळे खिडकीपाशी उभा होता, तारा पूर्ण ताणलेल्या. चार तारांचा मिळून ओढा पाऊणशे-ऐंशी किलोच्या घरात जातो. लाकडाने आमच्याकडची दमट हवा प्यायली की मान पुढे वाकणारच.

मान, म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लांब दांडा, तपासायची साधी रीत अशी. जाड तार पहिल्या पट्टीवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या फ्रेटवर) एका हाताने दाबा, शेवटच्या पट्टीवर दुसऱ्या हाताच्या कोपराने किंवा विकणाऱ्याला दाबायला सांगा. आता सातव्या-आठव्या पट्टीपाशी तार आणि पट्टी यांच्यात किती फट राहते ते बघा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर उत्तम. इथे तीन कार्डं एकावर एक ठेवून गेली.

एवढ्यावर बेस टाकून देऊ नका. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. खरी किंमत ठरते ती तिला चावी लागल्यावर. मी मुलाला विचारलं, "फिरवून बघू का? पाव आटाच." तो जरा घाबरला, पण हो म्हणाला. तारा थोड्या सैल केल्या, टॉर्च मारून खोबणीतली धूळ फुंकली, चावी नीट तळापर्यंत बसवली आणि घड्याळाच्या दिशेने हळूच दाब दिला. आधी काहीच नाही, मग लाकडातून एक बारीक 'कट्' ऐकू आलं आणि चावी जड हाताने फिरली. हेच हवं असतं. चावी अजिबात हलली नाही, किंवा काही न धरता नुसतीच गरगरली, तर नमस्कार करून निघायचं. आणखी एक, अमेरिकन बनावटीला बऱ्याचदा इंची चावी लागते. तिथे जवळपासची मिलिमीटरची कोंबली की खोबण गोल होते, आणि मग लाखाचा बेससुद्धा अडतो.

दुसरी गोष्ट नावाची. बेसच्या डोक्यावर 'फेंडर' या अमेरिकी कंपनीच्या नावाची झोकदार अक्षरं होती. उलटं करून बघितलं तर मागे बारीक अक्षरांत 'क्राफ्टेड इन इंडोनेशिया'. त्या काळच्या बेसवर याचा अर्थ मूळचा स्क्वायर, फेंडरचाच स्वस्त भाऊ, त्यावर कुणीतरी वरचं स्टिकर चिकटवलेलं. मुलालाही ठाऊक नव्हतं, तोच फसला होता. मला त्याचं वाईट वाटलं, पण सोळा हजारांवरून साडेबारावर यायला ते स्टिकर कामी आलं. स्क्वायर वाईट नसतो. घाट तोच, लिओ फेंडरच्या १९६० सालच्या जॅझ बेसचा, आणि ३४ इंची तार १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून चालत आलेली. पहिल्याला प्रिसिजन नाव पडलं ते पट्ट्यांमुळे. उभ्या डबल बेसवर बोट अंदाजाने ठेवावं लागे, इथे सूर नेमका लागतो.

मग वीस पट्ट्या, चार तारा, ऐंशी सूर. एकेक करून सगळे वाजवले. पाच मिनिटं लागतात, लाजू नका. बाराव्या पट्टीच्या पुढे दोन ठिकाणी तार खरखरली, ती मान सरळ झाल्यावर जाण्यासारखी होती. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं करकरत होती. ते किरकोळ. जॅझ बेसमध्ये एक नेहमीचा घोळ होतो. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना शांतता आणि एक कमी केला की घूं सुरू. हा बिघाड नाही. दोन पिकअप (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळ्या) एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, सारख्या जोरावर असले तरच एकमेकांचा हम मारतात. याच कारणावरून चांगले बेस परत करणारे लोक मी पाहिलेत.

परतीला उत्सव चौकातूनच मेट्रो घेतली. नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली ही बेलापूर-पेंधर मेट्रो गिगबॅग पाठीवर असलेल्या माणसासाठी स्वर्ग आहे. जागा मिळते आणि बेसच्या डोक्याला कुणाचा धक्का लागत नाही. बेलापूरला उतरून लोकलच्या स्टेशनात आलो आणि घोषणा ऐकली. ट्रान्सहार्बर चार वाजेपर्यंत बंद.

ठाणे-बेलापूर रोडची बस आली ती भरूनच. तुर्भ्यापर्यंत बेस दोन पायांच्या मधे धरून उभा. कंडक्टर म्हणाला, "यात काय, बंदूक?" मी म्हटलं, "बेस गिटार." तो म्हणाला, "म्हणजे गिटारच ना." या वादात मी हल्ली पडत नाही.

घणसोली गावात अँप विकणाऱ्या काकांचं घर गल्लीत, खाली बेंजो पार्टीचं सामान, वर राहायला. काका साठीच्या पुढचे. आयुष्यभर हळदी आणि ऑर्केस्ट्रे केले. आता बोटं आखडतात म्हणून बेस पोराला दिला, अँप विकायला काढला. पीव्ही कंपनीचा जुना काळा खोका, पंधरा इंची स्पीकर, दोन माणसांनी उचलावा असा. पुतण्या जहाजावर होता, त्याने अमेरिकेतून आणलेला.

"अमेरिकेतून" ऐकलं की कुठलंही बटण दाबायच्या आधी मागची पट्टी वाचा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं होतं. आपल्याकडे २३० आणि ५०. जपानी माल असेल तर १००. मी हे शहाणपण पैसे मोजून घेतलंय. काही वर्षांपूर्वी एक जपानी प्रीअँप आणला, ॲडॅप्टर लावून सरळ भिंतीत घातला. चार सेकंद दिवा लागला, अगदी प्रसन्न लागला, आणि मग नुसता वास.

काकांकडे अर्थात स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता, हिरव्या रंगाचा, पाटासारखा जड. अँपला लागतात ४०० वॅट, ट्रान्सफॉर्मर ५००चा. म्हणजे हिशोबात बसतो. चालू केला, बेस लावला, खालचा ई वाजवला. ४१ हर्ट्झ. शेजारच्या खोलीतली स्टीलची भांडी बोलायला लागली. काकू आतून म्हणाल्या, "झालं, परत सुरू!"

आवाज इतका गोड होता की मी तपासणी सोडूनच देणार होतो. तरी बंद करून जाळी काढली. दोन्ही हातांचे पंजे कोनच्या (स्पीकरच्या पुढच्या पडद्याच्या) मध्याभोवती पसरून हळूच आत दाबलं. कागद घासल्यासारखा आवाज आला तर आतली कॉइल वाकडी किंवा जळकी. आला नाही. स्पीकरची एक वायर सोडवून पेन्सिल सेल टेकवला, कोन टुक् करून पुढे आला. स्पीकर निर्धास्त. मग फ्यूजची टोपी फिरवून काढली, आणि आत फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. "एका हळदीत उडला, मध्यरात्री कुठून आणणार?" काका म्हणाले. किती वर्षांपूर्वी, ते त्यांनाही आठवेना.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवला. एक टोक अँपच्या पत्र्याच्या स्क्रूला, दुसरं भिंतीत जाणाऱ्या पिनच्या वरच्या जाड दांडीला. बीप नाही. परत घासून लावलं, नाही. अँपची पिन तीन दांड्यांची, भिंतीतली तीन दांड्यांची, पण मधल्या हिरव्या ट्रान्सफॉर्मरमधून अर्थिंग पुढे जातच नव्हतं. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेपडाउनची हीच गत असते.

"काका, कधी शॉक लागायचा का?"

"शॉक नाय रे. ओठ माइकला लागला की झिणझिण्या यायच्या. मी स्पंज लावायचो माइकला."

मी तिथेच खाली बसलो. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा लेस्ली हार्वे कार्यक्रमातच गेला. अर्थिंग नसलेला माइक आणि हातात गिटार, बस. काका एवढी वर्षं एका स्पंजच्या तुकड्यावर जगले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "पण वाजतो मस्त ना?" वाजतो मस्तच.

अठराचे तेरा झाले, ट्रान्सफॉर्मरसकट. चहा झाला, पोहे झाले. काकांनी बजावलं की ठाण्यात नेऊन त्याला कपाटावर शोभेला ठेवू नको.

चार वाजायला अवकाश होता आणि एवढा खोका घेऊन जिना चढून फलाटावर जाणं मला जमणारं नव्हतं. रिक्षा केली. अँप मागच्या सीटवर बसतो, पण तोंड सीटच्या पाठीकडे करून ठेवा, नाहीतर एका ब्रेकला पुढचा बार कोनमध्ये. मधे उशी किंवा जुनी गोधडी. मी पुढे पाय दुमडून बसलो, बेस मांडीवर आडवा. रबाळे, ऐरोली, दिघा झटकन गेले, विटाव्याच्या पुलाखालून निघालो आणि कळवा नाक्यावर अर्धा तास अडकलो. रिक्षावाले मामा म्हणाले, "वाजवा आता एखादं." दोन नग असतील, किंवा चार स्पीकरचा मोठा खोका असेल, तर रिक्षाच्या नादी लागू नका, छोटा हत्ती सांगा. आणि भाव करण्याआधी भाडं विचारून ठेवा, ते किमतीत धरायचं असतं.

घरी आल्यावरची कामं सोपी. बेसच्या तारा काढल्या. फिंगरबोर्ड जुन्या टूथब्रशने साफ करून लेमन ऑइलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसला. फिकट, पॉलिश केलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डला तेल लागत नाही, हे लक्षात ठेवा. पट्ट्या अगदी बारीक स्टीलवूलने चमकवल्या, पण त्याआधी पिकअपवर टेप मारली. नाहीतर लोखंडाची भुकटी चुंबकाला चिकटते ती कायमची. करकरणाऱ्या बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फुसकी आणि वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवणं. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे इथे मारू नका. ब्रिजचे स्क्रू खारघरच्या हवेत गंजले होते, त्यांना सुईच्या टोकाने तेलाचा थेंब दिला आणि रात्रभर सोडलं. नवीन तारा ४५-१०५ जाडीच्या, त्या दोन हजारांच्या वर गेल्या. ट्रस रॉड रोज पाव आटा, तीन दिवस. एका बैठकीत सरळ करायची हौस नको, लाकूड सावकाश ऐकतं. चौथ्या दिवशी एकच कार्ड जात होतं.

अँप मात्र मी उघडला नाही. आतले कंडेन्सर पिन काढल्यावरही भरलेले राहू शकतात. ठाण्यातल्या माहितीतल्या मेकॅनिककडे दिला. त्याने नवी मेन वायर घातली, ट्रान्सफॉर्मरला तीन पिनचं सॉकेट बसवून अर्थिंग पुढे काढलं, पट्टीवर लिहिलंय त्याच मापाचा फ्यूज टाकला. चांदीचा तुकडा त्याने मला कागदात बांधून दिला. मल्टिमीटर लावला, बीप.

घरात तो रबराच्या जाड तुकड्यांवर ठेवलाय. आवाज दोनच्या वर नेला की खालच्या मजल्यावरच्या आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, तेही तालात नसतं.

तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात काकांचा फोन आला. "काय करतोस? अँप रिकामा आहे का रे शनिवारी? गोठिवलीला हळद आहे, पोराकडे धड खोका नाय."

म्हटलं, "आहे काका. फक्त ट्रान्सफॉर्मर मी लावलाय तसाच लावायचा, आणि फ्यूज मी दोन जास्तीचे देतो."

"आणि स्पंज?"

"तो लागणार नाही."

"ठेवतो मी तरी," काका म्हणाले.