खरड छाटणीचे दिवस

मिरज. ईस्टरनंतरचा दुसरा रविवार, रात्री.

उत्तम शुक्रवारी प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला चर्चमध्ये बसायला जागा नसते. ईस्टरच्या पहाटेलाही नसते. आणि पंधरवडा होतो न होतो तोच मागचे बाक मोकळे. दरवर्षीचेच आहे, आणि दरवर्षी त्याची खंत करून आपण गप्प बसतो. पण आत्मिक नवेपणासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच आहे, आणि नेमका हाच हातचा जातो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तासगावकडे सध्या द्राक्षबागांची खरड छाटणी उरकत आली आहे. माल उतरला की वेल थकलेला असतो. मग ओलांड्यावरची, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवरची, गेल्या वर्षीची काडी एक-दोन डोळे (फूट निघण्याच्या जागा) राखून काढतात आणि बाग उघडीबोडकी दिसू लागते. या छाटणीवर घड घ्यायचा नसतो, तो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. पण त्या घडाचा निकाल मात्र आत्ताच लागतो. नव्या फुटीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो तो छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. त्या दिवसांत पाला दाटला आणि डोळ्यांपर्यंत ऊन पोचले नाही, तर ऑक्टोबरात कितीही खत घाला, काडी वांझ निघते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभू वेल आणि फाट्यांबद्दल बोलतो तो त्याच्या देशातल्या वेलाबद्दल. तिथे हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपतो आणि त्या झोपेतच त्याची छाटणी होते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. वेल आपणहून झोपत नाही, त्याला छाटून थांबवावे लागते, म्हणून वर्षाला दोन छाटण्या. आपल्या ख्रिस्ती जीवनाचेही मला तसेच दिसते. नोकरी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, चर्चमंडळीच्या कमिट्या. थांबण्याचा ऋतू आपोआप येत नाही. तो पाडावा लागतो.

त्यासाठी दिवस आहेत ते हेच: पुनरुत्थानदिन म्हणजे ईस्टर, तिथपासून पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, दोन्ही रविवार धरून ५० दिवस. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय: प्रभू ४० दिवस शिष्यांना दर्शन देत राहिला, मग स्वर्गारोहण, आणि त्यानंतर सुमारे १२० माणसे प्रार्थनेत वाट पाहत होती. त्या दिवसांत ना कुठली सुवार्ताफेरी, ना मोठी सभा. पेत्राचा तो गाजलेला उपदेश नंतरचा, पेन्टेकॉस्टच्या दिवशीचा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते.

वाचन आधी. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करून वर्षात पवित्र शास्त्र संपवायचा संकल्प बहुतेक घरांत मोडतो, आणि त्याचे कारण आळसापेक्षा गणितात आहे. एकूण अध्याय १,१८९, म्हणजे रोज तीनहून जास्त. उत्पत्ती ५० आणि निर्गम ४० हे गोष्टींच्या ओघात वाचून होतात, आणि जानेवारीच्या अखेरीस लेवीय हे पुस्तक लागते. यज्ञांचे नियम, कुष्ठाची परीक्षा. रोज तीन-चार अध्यायांच्या वेगाने हे पचत नाही, दोन दिवस चुकतात, सात अध्याय थकतात, आणि थकबाकी दिसली की माणूस पुस्तकच मिटतो. त्यापेक्षा सोमवार ते शुक्रवार रोज एकच अध्याय घ्यावा. शनिवार राहिलेले भरून काढायला, रविवारी मंडळीतला पाठ. नव्या कराराचे अध्याय २६०, म्हणजे ५२ आठवड्यांत बरोबर संपतो. आणि ईस्टरनंतरच्या या सात आठवड्यांत असे वाचनाचे दिवस ३५ येतात. त्यांत बसणारी पुस्तके, अध्यायांच्या संख्येसह: मार्क १६, फिलिप्पै ४, याकोब ५, पहिले पेत्र ५, पहिले योहान ५. नेमके पस्तीस.

वेळ वीस मिनिटे, घर जागे व्हायच्या आधी. छापील पुस्तक घ्यावे. फोनवर वाचायला घेतले की वरून मेसेज उतरतात आणि पाचव्या ओवीला माणूस कुठल्या तरी ग्रुपवर असतो. फोन दुसऱ्या खोलीत, गजरासाठी साधे घड्याळ. अध्याय हळू आवाजात, ओठ हलवून वाचावा. डोळे ओळखीच्या ओळी गाळतात, जिभेला ते जमत नाही. मग वहीत तीन ओळी: या अध्यायात देव कसा दिसला, आज मला काय करायला सांगितले, आज कोणासाठी प्रार्थना. तीनच. पानभर लिहिण्याचा उत्साह आठवडाभर टिकतो आणि मग वहीचीच भीती वाटते.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे उसनी घ्यावीत, ती त्यासाठीच आहेत. १५० स्तोत्रे, १ तारखेपासून रोज पाच, तीस दिवस. २४ तारखेला ११९ वे येते, १७६ ओव्यांचे, आणि तिथेच गाडी अडते. ते बाजूला ठेवून ३१ तारखेला वाचावे. ज्या महिन्यात ३१ नाही, त्यात त्याच्या आठ-आठ ओव्यांच्या २२ भागांपैकी एखादा भाग पुरे.

यापुढचे अवघड, आणि माझ्या मते सगळे नवेपण इथेच अडते. पापकबुली. "प्रभू, आम्ही पापी आहोत" हे वाक्य इतके रुळले आहे की त्यात कोणतेच पाप उरलेले नाही. पश्चात्तापाचे स्तोत्र ५१ पुढे ठेवून पाप नावानिशी, तारखेनिशी म्हणावे: मी अमुक दिवशी खोटे बिल लावले, मी भावाच्या मुलाच्या निकालावर मनातून खूश झालो. आणि ज्यात माणूस दुखावला आहे तिथे देवाकडची कबुली पुरत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणून आदला शनिवार या कामाला राखून ठेवावा.

जायचे स्वतः, फोन किंवा मेसेज नाही. वाक्य छोटे: "दादा, नाताळच्या जेवणात मी तुला चारचौघांत बोललो. ते चुकलं माझं. मला क्षमा कर." एवढेच. या वाक्याला "पण" जोडला की क्षमायाचना तिथेच संपते आणि वाद सुरू होतो. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेही नको, त्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. समोरच्याने लगेच मिठी मारावी ही अपेक्षा ठेवू नये. त्यालाही दिवस लागतात. पैशाचे किंवा बांधाचे प्रकरण असेल तर परतफेडीचा आकडा आणि तारीख सांगूनच उठावे. जकातदार जक्कयाने, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देतो, असे म्हटले होते. एक सावधगिरी मात्र हवी. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याबद्दलचे मनातले विष त्यालाच ऐकवून आपण हलके व्हायचे, ही कबुली नव्हे. ते देवापुढे ठेवावे, फार तर पाळकांजवळ बोलावे.

घरची प्रार्थना: रात्री जेवणानंतर दहा मिनिटे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, आठ-दहा ओव्या, प्रत्येकाचे एकेक वाक्य. ही बिघडते ती वडीलधाऱ्यांमुळे. "प्रभू, याला मोबाईल सोडून अभ्यास करण्याची बुद्धी दे" ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, मुलाला ते लगेच कळते, आणि तो डोळे मिटायचे सोडून देतो. मुलाला सांगायचे ते मुलाला सांगावे.

उपवास आठवड्यातून एका जेवणाचा पुरे. वाचलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकून भुकेल्याच्या हाती जावेत. उपवासाबद्दलचा यशया ५८ वाचल्यावर दुसरा अर्थ निघत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये.

आणि कोरडेपणा प्रत्येक वेळी पापाचाच असतो असेही नाही. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगरावरचा देवाचा मंद स्वर त्यानंतर. म्हणून आधी दोन आठवडे झोप पुरी घ्यावी आणि मग स्वतःला तपासावे. उदासी त्याहून लांबली, भूक-झोप उडाली, तर डॉक्टरांकडे जावे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ उभे केले त्या या गावात तरी औषध आणि प्रार्थना यांचे भांडण लावू नये.

आता आपले वय झाले, म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्याकडे बोट दाखवावेसे वाटते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि १९१९ मध्ये ते गेले. जगाच्या हिशेबाने निवृत्तीकडे झुकण्याचे वय, आणि त्या माणसाने तेव्हा नवी फूट धरली.

पेन्टेकॉस्टला अजून ३५ दिवस. दोन आठवड्यांत मार्काचे दहा अध्याय होतात, म्हणजे उद्या अकरावा: पानांनी भरलेले ते अंजिराचे झाड, आणि पंचविसाव्या ओवीत, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असल्यास क्षमा करा. वही आणि चष्मा टेबलावर काढून ठेवला आहे.