पिच्चरमधला कुत्रा आणि घरातला कुत्रा

सुट्टी लागली की पोरांचे फॅमिली अ‍ॅडव्हेंचरवाले पिच्चर सुरू होतात आणि त्यात कुत्रा असतोच. आगीतनं उडी मारतो, चोर पकडतो, डोंगर-नद्या ओलांडून एकटा घरी येतो आणि अख्ख्या पिच्चरमध्ये त्याला कुणी साधी पाण्याची वाटी भरून देत नाही. मला हे लई खटकतं.

आमचा मोती गावठी आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लागला की दिवाणाखाली पार भिंतीला चिकटून बसतो, इतका थरथरतो की फरशीवर नखं वाजत राहतात, लाळ गळत असते, आणि मटणाचा तुकडा पुढं धरला तरी तोंड फिरवतो. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. आता असल्या जीवाला स्फोटातनं हसत बाहेर येताना दाखवायचं आणि पोरांनी तेच खरं मानायचं.

बरं पडद्यावर जो एक कुत्रा दिसतो तो बऱ्याचदा एक नसतोच, पळायला वेगळा, बसून बघायला वेगळा, आणि हल्ली तर कॉम्प्युटरवरच बनवतात. 1943 च्या पिच्चरमधली ती प्रसिद्ध लॅसी मादी, पण काम केलं पाल नावाच्या नरानं! हे पोरांना कोण सांगणार?

आणि याचा परिणाम होतो बरं का. 1996 ला डाल्मेशियनचा पिच्चर आला, अमेरिकेत लोकांनी धडाधड पिल्लं घेतली आणि नंतर तीच कुत्री तिथल्या शेल्टरमध्ये सोडून दिली. मुळात पळायला लागणारी, दमवल्याशिवाय शांत न बसणारी जात, ती फ्लॅटमध्ये कशी राहणार. आपल्याकडं तेच हस्कीचं. कोल्हापुरात राजारामपुरीत ओळखीच्यांकडं एक आहे, पोरानं पिच्चर बघून हट्ट केला म्हणून आणलेला. सैबेरियाच्या थंडीसाठीची केसांची दुहेरी झूल, आणि इथं एप्रिलचं ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करायचं, त्यामुळं ते बिचारं दुपारभर बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून पडलेलं असतं. बघवत नाही राव.

आपल्याच कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी 'सावकारी पाश' या जुन्या बोलपटात अंधारात एक झोपडी दाखवली आणि लांबून कुत्र्याचं रडणं ऐकवलं, एवढंच. कुत्रा जे करतो तेच केलं त्यानं, आणि जाणकार अजून त्या सीनबद्दल बोलतात.

कोल्हापुरात अजूनही शूटिंगं होतात. पोरांसाठी पिच्चर काढणारं कुणी हे वाचत असेल तर कळकळीनं सांगतो, त्यात रेबीजच्या इंजेक्शनला डॉक्टरकडं नेताना दारातच पाय रोवून बसलेला कुत्रा दाखवा, मिरवणुकीच्या रात्री खिडक्या लावून त्याच्याजवळ बसलेलं पोरगं दाखवा. पोरं बघतील, नक्की बघतील.