आत्तीचं घर व्हीआरमध्ये : जिना, कट्टा आणि पुराची रेघ

आत्तीच्या घरात बदल करायच्या आधी हेडसेट घालून त्यात फिरून बघता यावं, म्हणून त्याचं व्हीआर (आभासी) मॉडेल करतोय. मागच्या नोंदीपर्यंत ते पीसी आणि केबलवर चालत होतं. आता केबल गेली, सगळं थेट क्वेस्ट ३ या हेडसेटवर चालतंय. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत आत्तीच्या बोळातून पीसी नेऊन मांडामांड करायची म्हणजे निम्मा दिवस त्यातच जायचा, म्हणून हे आधी उरकलं. मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, तिथून जीएलटीएफ फाइल, पुढं गोडो हे गेम इंजिन. ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवताना, एका चित्रासाठी (फ्रेमसाठी) जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि सगळ्यात जास्त वेळ खात होती ती छपरावरची सुटी सुटी मंगलोरी कौलं. ती जोडून एकच आकार (मेश) केला, सावल्या आधीच मोजून चित्रात (लाइटमॅपमध्ये) बेक केल्या, काम झालं. फ्रेम गळली की मळमळतं, आणि वयस्कर माणसाला एकदा मळमळलं की ते पुन्हा हेडसेटला हात लावत नाही. त्यामुळं फिरायला फक्त टेलिपोर्ट ठेवलाय, म्हणजे जागा दाखवायची आणि थेट तिथं पोचायचं. त्याचं वर्तुळ ६० सेंटिमीटरचं आहे. जिथं ते मावत नाही तिथं लाल होतं आणि पाऊल पडत नाही. नाहीतर लोक बिनधास्त भिंतीतनं पलीकडं जातात आणि घर ऐसपैस आहे म्हणतात.

या खेपेचा खरा बदल वेगळाच आहे. "कसं वाटतंय?" विचारणं मी बंद केलं. हेडसेट घातलेला प्रत्येक जण "लई भारी" म्हणतो आणि त्यातनं हाताला काही लागत नाही. आता काम सांगतो.

आत्तीला म्हटलं, "आत्ती, सिलिंडर आलाय, दारातनं कट्ट्याखाली न्या." १४.२ किलोवाल्या लाल सिलिंडरचं मॉडेल हातातल्या कंट्रोलरनं धरता येतं. पुढचा सोपा (ओसरी) आणि मधली खोली आरामात पार झाली. स्वयंपाकघराचं दार आत उघडलं आणि आत्ती थबकल्या. "हे दार उघडं असताना मी शेगडीपुढं उभी कुठं राहू?" नकाशात दार उघडतं तो अर्धगोल नीट काढलेला आहे, तो सगळ्यांनी पाहिलाही होता. पण नकाशात शेगडीपुढं माणूस उभं नसतं. दार आता पलीकडच्या बाजूला टांगायचं ठरलंय.

कट्ट्यासाठी एक जुगाड केला, तो करून बघाच. खऱ्या टेबलाखाली विटा घालून ते ३३ इंचांवर आणलं आणि मॉडेलमधला कट्टा बरोब्बर त्यावर बसवला. डोळ्याला दिसतो तिथंच हाताला लागतो. आत्तींनी ग्रॅनाइटचं कौतुक केलं नाही, सरळ भाकरी थापायचा हात केला. दोन-चार थापा मारून म्हणाल्या, "उंच झालाय, खांदा वर येतोय." भाकरीला वरून जोर लागतो, चिरायला लागत नाही. थापायच्या बाजूचा तुकडा आता खाली उतरवलाय, बाकी कट्टा आहे तसाच.

गवंडी मिस्त्रींना हेडसेट लावला तेव्हा गंमत झाली. जिना चढता चढता त्यांनी मान खाली घातली. समोर रिकामी हवा, पण त्यांच्या डोक्यावर लँडिंगचा बीम आला होता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जिन्याखालून २.२ मीटर मोकळी उंची सांगितलीय, इथं १.९ च निघाली. प्लॅनमध्ये हा बीम म्हणजे एक तुटक रेघ. उंची दाखवणारा उभा छेद (सेक्शन) दुसऱ्या कागदावर. उपाय मिस्त्रींनीच सुचवला, जिना एक पायरी अलीकडून सुरू करायचा. परड्याकडची (मागच्या अंगणाकडची) जागा तेवढी कमी होते, त्यावर आत्तींची अजून कुरकुर आहे.

आता पुराची रेघ. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हे पेठेत सगळ्यांना पाठ आहे. पण तो आकडा घरातल्या फरशीला लावता येत नाही. म्हणून मधल्या खोलीच्या भिंतीवर पाण्याचा जो डाग राहिलाय तोच मोजला आणि त्या उंचीला मॉडेलमध्ये गढूळ रंगाचा अर्धपारदर्शक पृष्ठभाग टाकला, कंट्रोलरच्या बटणावर चालू-बंद. बटण दाबल्यावर आत्ती काही बोलल्या नाहीत, आधी स्विचबोर्ड कुठं आहेत ते बघितलं. खालच्या मजल्याचे सगळे बोर्ड पाण्याच्या आत. वायरिंगवाला आता वरून खाली येणार आहे, आणि फ्रिज माडीवर. मला विचाराल तर पेठेतल्या प्रत्येक घराच्या मॉडेलला हे बटण पाहिजे.

हेडसेटचं खरं मानू नये असंही बरंच आहे. त्यात अंतरं असतात त्यापेक्षा जवळ वाटतात, हे अभ्यासांतही दिसलंय, आणि नजरेचा आवाकाही तोकडा. म्हणून प्रत्येक खोलीत ओळखीची वस्तू ठेवतो : सात फुटी दार, तोच सिलिंडर, सोप्यात दुचाकी. उजेडाचं तर विचारूच नका. स्क्रीन भर दुपारच्या उन्हाच्या जवळपासही पोचत नाही, त्यामुळं डोळे दिपतात का हे तिथं ठरवायचंच नाही. ऊन कुठं पडतं एवढं मात्र बघता येतं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. ब्लेंडरच्या सन पोझिशन ॲड-ऑनवर (तारीख-वेळेनुसार सूर्य दाखवणाऱ्या) जूनची दुपार लावली तर चौकातल्या उत्तरेच्या झडपेतनं थेट ऊन आत आलं. तिथं पन्हळीसकट छोटं छज्जं घालायचा विचार आहे, तसंही पावसाला लागणारच.

पुढचं काम : आत्ती आणि मिस्त्री एकाच वेळी एकाच मॉडेलमध्ये, दोघांच्या डोक्यावर हेडसेट. दुसरा हेडसेट मित्राकडून मिळतोय. दोन क्वेस्टचा शून्यबिंदू (जिथून हेडसेट अंतरं मोजतो ती जागा) एकाच खऱ्या खोलीत जुळवून धरायचं कुणी गोडोमध्ये केलं असेल तर सांगा, विशेषतः खोलीत उजेड कमी असताना ट्रॅकिंग (हेडसेटनं स्वतःची जागा ओळखणं) किती सरकतं ते.